मोगरीची शेपटी

इनास गेला त्याच्या महिन्याच्या मिस्साला मी गेलो होतो. मी काही ख्रिस्ती नाही, पण माझी वाडी त्याच्या तबेल्याला लागून, म्हणून चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. फादर नवीन होते, कुठून तरी बदलून आलेले. ते म्हणाले, "इनासबाबांचं मुक्या प्राण्यांवर जिवापाड प्रेम होतं." पुढच्या बाकावर इनासची बायको फिलूबाय बसली होती. तिने पदर तोंडावर ओढला. लोकांना वाटलं रडते. मला पाठीमागून तिचे खांदे दिसत होते. बाई हसत होती.

म्हणून हे लिहायला घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलो, माझं शुद्ध-अशुद्ध कुणी काढू नये. घरात आम्ही आमची बोली बोलतो, इथं सगळ्यांना कळेल असं लिहितो. आणि मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे मला मान्य नाही. जिवंतपणी जो कुणाबद्दल चांगलं बोलला नाही त्याला मेल्यावर आपण का फुकट द्यायचं?

निर्मळपासून विरारपर्यंत वरातीला पांढरी घोडी लागली की लोक इनासकडे यायचे. घोडीचं नाव मोगरी. इनास बुटका, मान आखूड, कमरेला चामड्याची वादी गुंडाळलेली. ती वादी पट्टा म्हणूनही चालायची आणि चाबूक म्हणूनही. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. डीजेच्या आवाजाने कान दुखतात म्हणायचा, पण घरातही बोळे असायचेच. माणूस बोलायला लागला की बोळा आत दाबायचा. घोडी फुरफुरली की बाहेर काढायचा.

एकदा माणिकपूरला एक जाडजूड नवरदेव मोगरीवर चढवला. चार पावलं गेली नाहीत तोच इनासने लगाम धरून घोडी थांबवली.

"उतर."

"काय झालं काका?"

"लग्नाची घोडी हाय, पोती व्हायची नाय. उतर खाली. जेवन कमी कर, मग लग्न कर."

नवरदेवाचा मामा धावत आला. "अहो काका, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त तुमचा, पाठ तिची."

नवरदेव फेटा सांभाळत हॉलपर्यंत चालत गेला आणि घोडी त्याच्या बाजूने मोकळी चालली. त्याची बहीण रडायला लागली तर इनास तिला म्हणाला, "तू बस हवी तर. तुझं वजन बरं हाय." लोकांनी ही गोष्ट गावभर केली. म्हणाले, काय माया आहे घोडीवर! माया कसली? त्याच संध्याकाळी वाटेत घोडीचा पाय एका खड्ड्यात चुकला म्हणून त्याने तिला तबेल्यात बांधून वादीने फोडली. मी कुंपणातून बघत होतो. त्याच्या मते मोगरी त्याची होती. तिच्यावर बसायचं कुणी हे तो ठरवणार, आणि तिला मारायचं कुणी हेही तोच.

ती एकदा सुटून माझ्या वाडीत शिरली. मी नुकतीच केळी लावली होती, कोंब जेमतेम वर आलेले. तिने अर्धी ओळ खाऊन टाकली. मी ओरडलो तसा इनास आला. मला वाटलं आता भांडेल. भांडला नाही. घोडी माझ्यासमोर आणून उभी केली आणि मारायला सुरुवात केली. मी बघतोय, तो मारतोय. शेवटी मीच म्हणालो, "बस कर."

"नाय, तू सांग. तुझ्या केळीचं फिटलं का?"

"फिटलं."

"मग पुन्हा तोंड उघडू नको, केळ्या." तेव्हापासून मी त्याच्या तोंडी केळ्या झालो. त्याने मला पैसे दिले नाहीत, माफी मागितली नाही. घोडीच्या पाठीवर माझं नुकसान वसूल करून दिलं. त्याच्या डोक्यात हा चोख हिशोब होता.

आता शेपटीचं सांगतो.

पांढऱ्या घोडीची शेपटी पांढरी राहत नाही. लिदीने, मुताने पिवळी पडते. म्हणून इनास हळदीच्या संध्याकाळी शेपटी साबणाने धुवायचा, केस पिळून वर गुंडाळायचा आणि ओल्या फडक्याने दांड्यापासून, म्हणजे शेपटीच्या हाडापासून, खालपर्यंत बांधून टाकायचा. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दारात ती सोडली की केस असे खाली यायचे की लोक टाळ्या वाजवायचे. हळूहळू लग्नघरच्या बायकांनी त्याची रीतच केली. हळदीचं बोट लावलेलं ओलं फडकं नवरदेवाच्या आत्याने द्यायचं, शेपटी इनासने बांधायची आणि मांडवाच्या दारात सोडायची ती नवरदेवाच्या बहिणीने. तिला साडी मिळायची, फोटो निघायचे. मधे कुणी सोडली तर अपशकुन.

फडकं इतकी वर्षं फिलूबायच्या जुन्या लुगड्याचं असायचं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं. पण ज्या लग्नाचं सांगतोय ते विरारच्या नव्या इमारतींतल्या लोकांचं होतं. नवरदेवाची आत्या दुकानातून कोरं मांजरपाट घेऊन आली, खळ तशीच होती.

"आमच्यात दुसऱ्याचं नेसूचं चालत नाही हां," ती म्हणाली.

फिलूबाय दारात उभी होती. म्हणाली, "कोरं कापड पान्यात आटतं. एकदा धुऊन तरी घ्या."

इनासने कानातला बोळा काढला, म्हणजे त्याला ऐकूच आलं होतं. "आजपासून घोडी तू बांधतेस काय?"

"बोलले फक्त."

"बोलू नको."

नवं कापड सटकतं म्हणून त्याने ते नेहमीपेक्षा जास्त ओढून बांधलं. भिंतीला पाय लावून ओढलं. मोगरीने मागचा पाय उचलला तसा तिच्या पोटात एक ठोसा दिला.

दुसऱ्या दिवशी उन्हात ते कापड वाळलं आणि आवळत गेलं. वरात लांबलचक. पुढे डीजे, वर ड्रोन. मोगरी जागेवर थांबेना. पाय आपटत होती, घामाने भिजली होती, मागचा भाग खाली दाबून वळायला बघत होती. पोरं मोबाइल घेऊन ओरडत होती, "काका, काय नाचते तुमची घोडी! अजून नाचवा!" आणि इनास नाचवत होता. म्हणजे मारत होता. तिच्या एकेका फुरफुरण्याचा अर्थ सांगणारा माणूस, पण त्या दिवशी बोळे कानात खोल होते आणि पोरं टाळ्या वाजवत होती.

मांडवाच्या दारात बहीण शेपटी सोडायला आली. गाठ सुटेना. कापड लाकडासारखं झालेलं. शेवटी केक कापायची सुरी आणली आणि कापड कापलं. कापड निघालं, त्याबरोबर केसही निघाले. सगळा झुबका पोरीच्या हातात आला. वरची कातडी शिजल्यासारखी पांढरी पडली होती आणि मधे एक कडं, नखभर खोल, त्यातून पाणी येत होतं.

पोरगी किंचाळली. आत्या "अपशकुन, अपशकुन" करायला लागली. इनासने पोरीच्या हातातून झुबका घेतला.

"ओरडतेस कशाला? तुझे गेलेत काय?"

हे सगळं मी बघितलं कारण हॉलच्या हारांची फुलं माझ्या वाडीतली होती. परत येताना तो घोडीच्या पुढे चालला, एकदाही मागे वळला नाही. घरी फिलूबायने बघितलं आणि म्हणाली, "मी बोललेले."

"बोललीस ना? मग झालं तुझं."

बस. त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या तोंडून त्या कापडाचा शब्द निघाला नाही. लोकांना सांगायचा, आत्याच्या हळदीत केमिकल होतं. कधी सांगायचा, नजर लागली.

आधी त्याने स्वतःचं औषध केलं. मोरचूद तेलात खलून लावलं. मोगरी अशी ओरडली की माझ्या वाडीत फुलं खुडणाऱ्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. तीन-चार दिवसांत जखम होती त्याच्या दुप्पट झाली. तेव्हा फिलूबायने त्याला न विचारता गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीण आणली. देशावरची तरुण बाई, स्कूटरवरून आली. इनासने तिला आधी तबेल्यातच घेतलं नाही.

"कापायला आलीस काय?"

"काका, आधी बघू तर द्या."

तिने शेपटीच्या टोकाला सुई टोचली. शेपटी हलली नाही. थोडी वर टोचली, तरी नाही. आणखी वर टोचली तेव्हा मोगरीने अंग आकसलं. डॉक्टरीण म्हणाली, "टोक गेलं. ते वाळून आपोआप पडेल. वरचा दांडा जिवंत आहे. मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, मी देते ते मलम लावायचं. मोरचूद बंद. खपली काढायची नाही. आणि काहीही बांधायचं नाही. उघडी ठेवायची."

"उघडी ठेवली तर माश्या बसतील."

"मग माश्या तुम्ही हाकायच्या. तिच्याकडे आता शेपटी नाही."

इनासने मान खाली घातली. त्याची मान तशी खाली गेलेली मी कधी बघितली नव्हती, आणि मला बरं वाटलं.

"केस येतील काय?"

"मुळं जिवंत असली तर. वर्ष लागेल, जास्तही लागेल. आणि काका, धुताना तिच्या मागे उभे राहू नका. बाजूला राहा."

"माझ्या घोडीला मी भ्यायचं?"

ती गेल्यावर त्याने मलम घेतलं, मोरचूद फेकलं आणि बाकीचं त्याच्या मनासारखंच केलं.

एका सकाळी शेपटीचं टोक लिदीत पडलेलं सापडलं. इनासने ते केळीच्या पानात गुंडाळलं आणि कुठे नेलं ते कुणाला सांगितलं नाही. आणि तो मांडवातला केसांचा झुबका, तो त्याने धुतला, वाळवला, एका काठीला बांधला. त्याची चवरी केली. मग पालथ्या बादलीवर बसून तो त्या चवरीने मोगरीच्या मागच्या माश्या हाकायचा. तिच्याच शेपटीने. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. प्रत्येक माशीला आईबापावरून शिव्या. रस्त्यावरून जाणारे बघायचे आणि म्हणायचे, बघा, सेवा करतो.

सेवा बघायची होती तर धुतानाची बघायची. मोगरी शेपटीला हात लावू देईना. मग इनास तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालायचा आणि काठीने पिळायचा. घोडीला तिथे इतकं दुखतं की ती हलत नाही. रोज पिळायचा, रोज धुवायचा. आणि धुऊन झालं की अंगठ्याच्या नखाने खपली उचलून बघायचा. खाली केस आला का? आज आला का? बी पेरून रोज माती उकरून बघणारा माणूस मी वाडीवाला कसा सहन करणार? मी म्हणालो, "अरे, उगवेल कसं?"

"तू केळी बघ, केळ्या."

त्याला घाई का होती ते सांगतो. अर्नाळ्याच्या वाळूवर पिकनिकवाल्यांना घोड्यावरून फिरवणारा एक पांडू होता. त्याची घोडी म्हणजे हाडांवर टाकलेलं कातडं. पांडूने बँडवाल्याबरोबर निरोप पाठवला, "बिनशेपटीची मला चालेल. लोक तोंडाकडे बघून फोटो काढतात, मागे कोन बघतो?" निरोप आला तेव्हा इनास नाक्यावर चहा पीत होता, आजूबाजूला दहा माणसं. तो कप खाली ठेवून म्हणाला, "सांग त्याला. मोगरी वरातीत जाईल नायतर खड्ड्यात जाईल. वाळूवर जानार नाय. इनासच्या जिभेला हाड हाय."

सगळ्या गावासमोर बोलला. आता केस आले नाहीत तर घोडी गेली आणि तोंडही गेलं.

बँडवाला भला माणूस. त्याने सुचवलं, "काका, गंगावन लावा की. नवऱ्या लावतात, घोडीला कोन बघतो?"

"नवरीचं खोटं नवऱ्याला चालत असेल. माझ्या घोडीचं मला चालत नाय."

त्या पावसाळ्यात एके दिवशी ओठाची दोरी भिजून तुटली. इनास थांबला नाही. मागे उकिडवा बसला, खपलीखाली नख घातलं. मी कुंपणापलीकडे केळीच्या आळ्यांत माती ओढत होतो. आवाज ऐकला, नारळ दगडावर फोडावा तसा. जाऊन बघतो तर इनास भिंतीशी चिखलात पडलेला आणि मांडी नको तिथून वाकलेली. मोगरी कोपऱ्यात थरथरत उभी.

मी त्याला उचलायला वाकलो.

"आधी घोडी धर, केळ्या! शेपटी चिखलाला लागते!"

मी त्याला तसाच ठेवला आणि घोडी धरली. त्याने सांगितलं तेच केलं.

मांडीत सळई घातली, पण हाड नीट जुळलं नाही. इनास पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडला तो कायमचा. तबेला घराच्या मागे. तिथून मोगरीचं खिंकाळणं ऐकू यायचं, दिसायचं काही नाही.

मोगरीचं सगळं फिलूबायकडे आलं. ती डॉक्टरणीने सांगितलं तेवढंच करायची. बाजूला उभी राहायची, मिठाचं पाणी वरून सोडायची, मलम लावायची, निघून यायची. दोरी नाही, काठी नाही. पहिले काही दिवस मोगरी तिच्याही हाताला आकसायची, मग मान खाली घालून उभी राहायला लागली. खपली आपली आपण पडली. खाली गुलाबी कातडं. दिवाळीच्या सुमाराला मी घोडीला वाडीत चरायला घेतलं होतं तेव्हा मला दिसलं. कातड्यावर पांढरी लव आली होती, कोवळ्या भेंडीवर असते तेवढी.

मी धावत फिलूबायला सांगायला गेलो. तिला आधीच माहीत होतं.

"भाऊ, त्याला सांगू नका."

"का?"

"विचारू दे."

आणि तो विचारायचा. रोज. खाटेवरून ओरडून. "फिले! आलं काय?"

"नाय."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. टक्कल हाय."

लव बोटभर झाली तरी नाही. वीतभर झाली तरी नाही. डॉक्टरीण आली की फिलूबाय तिला मागच्या वाटेने, माझ्या वाडीतून न्यायची. इनासला दुसऱ्या कुणाला विचारायचं तर त्याच्याकडे येणारं होतंच कोण? आयुष्यभर त्याने माणसं हाकली होती. एक मी जायचो. मलाही विचारलं त्याने.

"केळ्या, तू खोटं बोलत नाय. आले काय केस?"

"नाही," मी म्हणालो.

मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्यासारखं कुंपणापाशी इतकी वर्षं राहून बघावं.

असं दुसरं वर्ष आलं. इनास वाळत गेला. शिव्या कमी झाल्या. कानातले बोळे त्याने काढून टाकले, मागचा प्रत्येक आवाज त्याला हवा असायचा. मोगरीने पाय आपटला तरी विचारायचा, माशी बसली काय, कोन हाकतंय? फिलूबाय सांगायची, "कोनी नाय." तेव्हा मोगरीची नवी शेपटी तिचे मागचे गुडघे झाकत होती आणि माश्या ती स्वतः हाकत होती.

मग एका दुपारी मी बसलो असताना तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पांडूला निरोप द्या."

मला वाटलं नीट ऐकलं नाही. "कसला?"

"घेऊन जा म्हनावं. इथं उभी राहून तरी काय करनार ती? वाळूवर चार पोरं तरी बसतील." त्याने नखाने भिंत खरवडली. "गावाला काय सांगायचं ते सांग. इनास बोलला आनि फिरला, सांग."

फिलूबाय चुलीपाशी होती. ती उठली, हात पुसले आणि बाहेर गेली. थोड्या वेळाने अंगणात नालांचा आवाज आला. तिने मोगरीला पुढच्या दाराशी आणलं, वळवलं आणि मागची बाजू दारात केली. मी खाट ओढून उंबऱ्यापाशी नेली.

दारातून शेपटी आत आली. पांढरी स्वच्छ. केस आधीसारखे सरळ नव्हते, थोडे कुरळे आले होते, आणि वर कापडाचं कडं होतं तिथे पट्टीभर कातडं उघडंच राहिलं होतं. बाकी सगळी भरली होती.

इनास बघत राहिला. मी वाट बघत होतो की आता तो फिलूबायला शिव्या घालेल, मला घालेल, इतके दिवस लपवलं म्हणून छाती बडवेल. त्याने काही केलं नाही. फक्त हात उचलला. बोटं शेपटीपर्यंत जेमतेम पोचत होती.

तेवढ्यात मोगरीला त्याचा वास आला असावा. तिच्या अंगावरून मागून पुढे एक थरथर गेली, पाणी हलावं तशी. कान मागे पडले. आणि तिने शेपटी दोन्ही पायांच्या मधे अशी घट्ट दाबून धरली की एक केससुद्धा बाहेर राहिला नाही. पोटाखालून धार सुटली, उंबरा भिजला.

इनासचा हात तसाच वर होता. त्याच्या तोंडावर हसू आलं. मी त्याला हसताना बघितलं ते एवढंच.

"बघितलंस, फिले?" तो म्हणाला. "वळखलं मला."

"हो," फिलूबाय म्हणाली. "वळखलं." आणि तिने लगाम धरून घोडी रस्त्याकडे नेली.